कऱ्हाटीच्या सुनेचा केसपेपर

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी भांडायला आता मला कुणाची परवानगी लागू नये. तुम्ही होतात तेव्हा मी भांडले, पण अर्धंच. तुमचं बोलून झालं की तुम्ही चष्मा पुसायला घ्यायचात आणि समोरच्याने खोलीतून निघायचं, असा तुमच्या दवाखान्याचा रिवाज होता. आता मीही निवृत्त झाले आहे. सकाळचा चहा झाला की करण्यासारखं फार काही उरत नाही. म्हणून कऱ्हाटी गावच्या त्या सुनेबद्दल, राहिलेलं अर्धं लिहिते.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. पुण्याहून स्त्रीरोगाची पदविका घेऊन बारामतीत तुमच्या प्रसूतिगृहात रुजू होऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी आम्हाला कंबरेपासून गुडघ्यापर्यंतच्या भागाला कुठल्याच भाषेत नाव शिकवलं नव्हतं. मेडिकल कॉलेजने शिकवलं ते सगळं लॅटिन. आणि बायका येऊन सांगायच्या, "बसायच्या जागी गाठ हाय." कऱ्हाटीची ती सून आली तेव्हा तुम्ही इंदापूरला गेला होतात. विशी-बाविशीची मुलगी, सगळा भार एका पायावर टाकून, बाकाची कड धरून उभी. मी म्हणते, बसा. ती मान हलवते. बरोबरची सासू सांगते, "न्हाय बसवत तिला. चार दिस झालं, उभ्यानंच जेवतीया." नवरा बाहेर मोटरसायकलवर बसून आहे. तो शेवटपर्यंत आत आला नाही.

तपासायला दोन बोटं आणि उजेड पुरला. योनीच्या तोंडाशी, डाव्या बाजूला, खालच्या अंगाला लिंबाएवढी सूज, लाल आणि गरम. तिथे दोन्ही बाजूंना वाटाण्याएवढी एकेक ग्रंथी असते, ओलावा देणारी. तिची बारीक नळी बुजली की आत पाणी साठून गाठ होते. तशी गाठ कित्येकींना दुखत नाही आणि तरुण बाईत तिला हात लावायचीही गरज नसते. तिच्यात जंतू शिरले की मात्र पू होतो आणि बाईला बसणं, चालणं, लघवीला जाणं, सगळ्याची धास्ती बसते. मी भुलीचं इंजेक्शन दिलं, चीर दिली, पू काढला, गोळ्या लिहून दिल्या. ती टेबलावरून उतरली, "डॉक्टरीणबाई, आता बसू का?" म्हणाली, आणि बाकावर टेकून तिने डोळे मिटले. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. त्या अभिमानात मी केसपेपरवर माझ्या वळणदार अक्षरात, आवर्जून मराठीत लिहिलं: 'लैंगिक संसर्गाची शक्यता. पतीचीही तपासणी करावी.' पुस्तकात तसंच होतं. तुमच्याकडे केसपेपर पेशंट घरी नेतो, रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतो आणि घरातला जो कोणी शिकलेला असेल तो तो वाचतो, हे पुस्तकात नव्हतं.

पाच आठवड्यांनी ती पुन्हा आली. या वेळी माहेराहून, अंथुर्ण्याहून, आईबरोबर. गाठ पुन्हा तेवढीच, त्याच जागी. आई माझ्याकडे बघत नव्हती, तुमच्याशीच बोलत होती. "थोरला दीर कारखान्यात कारकून हाय. त्येनं कागुद अंगणात उभं ऱ्हाऊन वाचला, समद्यास्नी ऐकू जाईल असा. म्हणला, हिला बाहेरचा रोग हाय. दुसऱ्या दिशी एष्टीत बसवून दिली पोरीला. म्हणत्यात, आता तितंच ठेवा."

तुम्ही विचारलंत, "आणि जावयाची तपासणी?"

"त्यांची कशाला? कागुद हिच्या नावाचा हाय."

पोरगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. एवढ्या बोलण्यात तिने एकच वाक्य उच्चारलं. "मला नांदायला जायचंय, बाई."

तुम्ही केसपेपर वाचलात आणि मला विचारलंत की पू तपासायला पाठवला होता का. नव्हता. मग त्या आईसमोर, आयासमोर, सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "म्हणजे पू मोरीत गेला आणि संशय कागदावर राहिला. शिवाय भोक पाडलंत ते चार दिवसांत मिटलं. दार पाडलं, चौकट कुणी बसवायची, डॉक्टर?" पाच मिनिटांनी, ऑपरेशनच्या टेबलाशी, तुम्ही अगदी साध्या आवाजात विचारलंत, "शाळेत शिवण होतं का? काज करता येतं?" मी म्हटलं, येतं. "मग करा." आतल्या ओलसर बाजूने चीर द्यायची, बाहेरच्या कातडीतून नाही. पू काढून पोकळी धुवायची, गाठीच्या पिशवीची कड बाहेर वळवून कडेच्या त्वचेला टाके घालायचे, म्हणजे ग्रंथीला नवं तोंड राहतं आणि ती पुन्हा बुजण्याची शक्यता कमी होते. नन्सनी माझ्याकडून वर्षानुवर्षं उशांचे अभ्रे शिवून घेतले होते. त्यांना त्याचा हा उपयोग कळला असता तर त्यांनी क्रॉसची खूण केली असती. या वेळी पू पुण्याला तपासणीला गेला.

आणि तुम्ही कऱ्हाटीला निरोप धाडलात. नवऱ्याला नाही. सासूने एकटीने यावं. तिसऱ्या दिवशी ती आली. आधी गार पाणी प्यायली, मग तुम्ही तिला खुर्चीत बसवलंत.

"आक्का, तुमच्याकडं मेंढरं होती ना?"

"सासऱ्याच्या वक्ताला. आता ऊस हाय."

"कास दगडी झालेली बघितलीय?"

"बघितलीय म्हंजी? ह्या हातानं पिळलीय."

"कशानं होते?"

"सडाचं त्वांड बुजतं. दूध आत नासतं, मग पू हुतो. लहान पोराला बी ठावं हाय."

"मग त्या मेंढीला काय म्हणायचा तुम्ही? बाहेरख्याली?"

सासूने पदर तोंडाला लावला. हसली, आणि लगेच हसू आवरलं. "पर कागदावर तसं ल्हिवलंय की."

"ते हिनं लिहिलंय." तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "चुकली."

"शिकल्याली दिसतीया."

"हितं यायच्या आधी शिकलीय."

शेवटी सासू म्हणाली, "थोरल्याला काय सांगू?"

"दगडी झाली होती म्हणून सांगा."

"त्येला न्हाय कळायचं, त्यो दिसभर खुर्चीत असतो. त्येच्या बापाला कळंल." मग ती उठून वॉर्डात गेली. सून कोमट पाण्याच्या टबात बसून होती. "आवर. घरला चल."

"टाकं हायत, आत्याबाई."

"मग बस. मी थांबते."

ती दोन दिवस थांबली आणि सुनेला घेऊनच गेली.

मी तुम्हाला व्हरांड्यात गाठलं होतं. रिपोर्ट आलेला नाही, मी म्हटलं, आणि तुम्ही तिला निर्दोष ठरवून मोकळ्या झालात. उद्या तो रोग निघाला तर? नवऱ्याकडून आला असला तर? तुम्ही म्हणालात, "निघाला तर दोघांना औषध द्यावं लागेल. त्यासाठी दोघं एका घरात हवीत." मी म्हटलं, मेंढीला नवरा नसतो, बाई. तुम्ही चष्मा काढलात.

माझा राग अजून आहे. मोटरसायकलवरच्या माणसाला कुणी एक प्रश्न विचारला नाही आणि 'चुकली' हा शब्द तेवढा माझ्या वाट्याला आला. पुढे माझ्या स्वतःच्या दवाखान्यात, जिथे शंका असेल तिथे, मी नवऱ्यांना आत बोलावलं, समोर बसवलं आणि तोंडावर सांगितलं. कागदावर मात्र अंगणात वाचता येईल असं कधी लिहिलं नाही. प्रत्येक गळवाचा पू तपासायला पाठवला. चाळिशीपुढच्या बाईची टणक गाठ नुसती फोडली नाही, तुकडा आधी तपासून घेतला. तरुण डॉक्टरांना काज शिकवलं. हे सगळं तुमचंच आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

ती घरी गेल्यावर काही दिवसांनी पुण्याहून पाकीट आलं. तुम्ही दुपारचं झोपायला गेला होतात, मीच फोडलं. आतड्यात कुणाच्याही असतात ते साधे जंतू. बाकी काही नाही. मी कागद तुमच्या टेबलावर ठेवला. तुम्ही वाचलात, आणि 'बघा' एवढंही म्हणाला नाहीत.

तुम्ही समोर असतात तर हे शेवटचं मी बोलले नसते. पाकीट फोडताना, ती मुलगी नांदायला गेलेली असताना, तो रोग निघावा असं मला वाटत होतं. आणि वाचून झाल्यावर, तो निघाला नाही म्हणून, मला वाईट वाटलं.