हाकेला ओ न देणारी

५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझ्या रानात उरलेले सगळे वाघ एकमेकांचे चुलत-मावस, नवं रक्त हवं, म्हणून आमच्या प्रजनन केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी दूरच्या प्राणिसंग्रहालयातला वाघ शोधून आमच्या वाघिणीची सोयरीक जुळवली होती ना? बाईसाहेब व्याल्या! एकच पिल्लू, मादी. डोळे मिटलेले, तरी आईला अशा ढुशा देते की कॅमेऱ्यात बघताना माझ्या अंगावर काटा आला.

मोठी झाली की तिला तुझ्या रानात सोडायची. म्हणून माणसाचं तोंड दिसू द्यायचं नाही, आवाज ऐकू द्यायचा नाही. आणि मी काय केलं? सवयीने आठवडाभर भिंतीआडून बाईसाहेबांना जेवायला हाका मारत राहिले! पिल्लूही ते ऐकत होतं. डॉक्टरीणबाई खूप चिडल्या. म्हणाल्या, सोडण्याआधी हाक तूच मारायचीस. ती आली तर जन्मभर पिंजरा, कारण माणसाजवळ जाणारी वाघीण रानात टिकत नाही. माझी झोप उडाली आहे रे.

आईबाबांना नमस्कार. माया आहेच, धीरही धाड.

तुझी,
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला गप्प बसवणं घरात कुणाला जमलं नाही, ते एवढ्याशा पोरीने करून दाखवलं! आई हसून बेजार झाली.

पण खरं सांगतो, इथे यंदाही बछडे जगले नाहीत. अशक्तच जन्मतात. तुझी पोर आली नाही, तर मी वनरक्षक कसला, नुसता झाडांचा राखणदार. आता तोंडाला कुलूप लाव.

लोभ असू दे, मुक्याने का होईना.

तुझा,
धाकटा

११ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. आ.

दोन वर्षं मी तिच्या आसपास ब्र काढला नाही. कुंपणातल्या रानात ती आईकडून शिकारही शिकली. काल हाक मारायचा दिवस आला.

जाळीशी उभी राहून अगदी तशीच हाक मारली. यावी असंही वाटत होतं, येऊ नये असंही. गवतातून तिने डोकं वर काढलं. केवढी झाली आहे रे! तिने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि गुरगुरली. ते गुरगुरणं माझ्या छातीत घुमलं, हात आपोआप जोडले गेले. मग ती पाठ फिरवून गेली, गवताचं पातंही हललं नाही. मी ढसाढसा रडले, आनंदानेच म्हण.

तिला पाठवते आहे. सांभाळ म्हणत नाही, लांबच राहा.

तुझी,
ताई

२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिला येऊन दीड वर्ष झालं, दर्शन एकदाही नाही. आज सकाळी ओढ्याकाठच्या ओल्या वाळूत तिची पावलं दिसली. शेजारी पेल्याच्या तोंडाएवढी लहान पावलं, तीन बछड्यांची! धडधाकट असावीत, सगळी वाळू खेळून उधळली होती. मी तिथेच गुडघे टेकून बसलो. ताई, तू आजी झालीस.

तेवढ्यात पलीकडच्या झुडपात काहीतरी हललं. तुझ्यासारखी हाक मारावीशी फार वाटली. मारली नाही.

तुझा,
धाकटा