नव्या कंपनीचा पोशाख

कलकत्ता,
ता. २ एप्रिल १९५३

ती. स्व. दादास,
उत्तराचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आईनं नाक फुगवलं असेल. तिला सांग, पोरगी वेळेवर जेवते, झोपते आणि विमानात ओकणाऱ्या शेटजींची पाठ चोळते. एअर होस्टेसचं काम म्हणजे आणखी काय असतं!

इथे सध्या एकच विषय. सरकार आठ विमान कंपन्या एकत्र करणार, त्यात आमचीही विरघळणार. मग नव्या कंपनीचं नाव काय? आपलंच नाव राहणार असं जो तो छातीठोकपणे सांगतो. आपल्या अंधेरीजवळच्या आंबोलीचे कॅप्टन लुईस म्हणतात, नाव काही का ठेवेनात, शेपटीचा रंग तेवढा डोळ्यांना बरा दिसू दे. शेपटीवरच्या चित्रासाठी मेकॅनिक मंडळींनी गरुड, हंस, मोर सगळे संपवले. काल एकानं वटवाघूळ सुचवलं, रात्री टपाल नेणाऱ्या विमानांना बरं म्हणे!

मला मात्र वेगळीच बातमी हवी आहे. नव्या कंपनीत आम्हा मुलींना स्कर्टऐवजी साडी देणार, अशी कुजबुज आहे. खरं-खोटं देव जाणे. दादा, साडी आली की तुला माझी लाज वाटणार नाही ना? आणि मुंबईत बदली मिळाली तर मी घरीच राहीन. मुलुंडच्या प्रधानांना माझ्याबद्दल सांगितलंस का? शुभावहिनी (मी आत्तापासूनच म्हणणार!) कशी आहे ते सविस्तर लिही.

लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझी,
उत्तरा


अंधेरी,
ता. १२ एप्रिल १९५३

चि. उत्तरा हिस अनेक आशीर्वाद.

तुमचे ते मोर नि वटवाघळं राहू देत. सरकारी कारभार म्हटल्यावर 'अखिल भारतीय हवाई वाहतूक मंडळ' असलंच काहीतरी लांबलचक नाव येणार, आणि चहा द्यायला पुरुष. मुलींना ऑफिसात बसवतील, बघ तू. आमच्या बँकेत सगळ्यांचं हेच मत आहे.

म्हणूनच प्रधानांना मी सांगितलं की तू कंपनीच्या ऑफिसात पत्रव्यवहार बघतेस. लगेच डोळे वटारू नकोस. ऑगस्टमध्ये कंपन्या एक झाल्या की ते खरंच होणार, मग खोटं कसं? शुभाचे वडील विद्याधरराव जुन्या वळणाचे. आणि शुभा मला मनापासून आवडली आहे गं. स्कर्ट घालून परक्या पुरुषांना चहा देणारी नणंद म्हटली की जमत आलेलं सगळं फिसकटेल. लग्न ठरेपर्यंत गणवेशात घरी येऊ नकोस, म्हणजे झालं.

पुढच्या रविवारी प्रधान मंडळींना सांताक्रूझला विमानं दाखवायला नेतोय, मग जुहूला भेळ. तू दिल्लीच्या फेरीवर असतेस, तेव्हा काळजी नाही. आई बरी आहे. तब्येतीला जप, आणि माझ्यावर राग धरू नकोस.

तुझा,
दादा


कलकत्ता,
ता. २१ एप्रिल १९५३

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

रविवारी आयत्या वेळी माझी ड्यूटी बदलली आणि मी मुंबईच्या विमानावर आले. हे तुला ठाऊकच आहे. कठड्यापाशी तू दिसलास आणि मी वेडी, हात वर केला. तू खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलास. तुझ्या पायांत चपला होत्या, दादा.

मी मुकाट्यानं पुढे निघाले, तर विद्याधररावांनीच मला थांबवलं. पोरी, वर भीती नाही का वाटत, असं इतक्या मायेनं विचारलं! मी हिंदीत उत्तर दिलं. मराठी आहे हे कळलं असतं, तर पुढचा प्रश्न आडनावाचा आला असता. तू दुसरीकडे बघत होतास, पण कान लालबुंद झाले होते तुझे. शुभा फार गोड आहे. माझ्या टोपीकडे बघून ती हसली, तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं.

नव्या कंपनीचं नाव अजून कुणाला धड ठाऊक नाही. कुठे राहायला आवडेल ते मात्र आम्हाला विचारून ठेवलंय. मी कलकत्ता सांगितलं. साडी येईल न येईल, मला आता तिची घाई नाही. लग्नाला दोन दिवस येईन. कुणी विचारलंच, तर ऑफिसात आहे म्हणेन. आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझा संसार सुखाचा होवो. मला विसरू मात्र नकोस.

उत्तरा


अंधेरी,
ता. २७ एप्रिल १९५३

चि. उत्तरा,
आशीर्वाद द्यायला आज तोंड नाही, म्हणून नुसतंच नाव लिहितो.

तुझं पत्र आलं की हल्ली आईला वाचून दाखवावं लागतं. चपलांपर्यंत आलो आणि पत्र खाली ठेवलं. शेवटी सगळं सांगितलं. आईनं ऐकून घेतलं, माझं ताट वाढलं आणि पाठ फिरवून बसली. लाज वाटते गं. तुझ्या स्कर्टची वाटत होती ती कुठच्या कुठे गेली, आता माझीच मला वाटते. सख्खी बहीण समोर, आणि मी जमिनीकडे बघत बसलो!

काल मुलुंडला जाऊन सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं. तुझ्या नोकरीबद्दल विद्याधरराव अवाक्षर बोलले नाहीत. ती पोर माझ्याशी परकी होऊन बोलली ती तुमच्यापायी, एवढंच म्हणाले. मग म्हणाले, आज बहिणीची लाज वाटली, उद्या चार लोकांत माझ्या शुभाची वाटली तर?

तेवढ्यात शुभा आतून आली. नकार देत नाही, म्हणाली, पण होकारही देत नाही. या माणसाशी लग्न करावं का, हे ती तुलाच पत्रानं विचारणार आहे, आणि तू सांगशील तसं करणार आहे. तुझा पत्ता मी माझ्या हातानं लिहून दिला.

तिचं पत्र दोन-चार दिवसांत पोहोचेल. नव्या कंपनीचं नाव काय नि पोशाख काय, काहीही असो, जमलं तर कलकत्ता रद्द कर आणि आहेस तशी घरी ये. मी स्वतः विमानतळावर येईन.

तुझ्याकडे लोभ मागायचा हक्क आता मला नाही, द्यावासा वाटला तर दे. फक्त एक ऐक. शुभाचं पत्र वाचून तू माझ्यासाठी खोटं लिहायला बसशील, मी ओळखतो तुला. तेवढं करू नकोस.

अनंत