स्वतःच्या अंगावर दाखवू नये

४ मार्च

पोहोचलो एकदाचा पेद्रा मान्साला! कुरितिबाहून विमान, मग बस, आणि शेवटचा टप्पा आरोग्य केंद्राच्या रुग्णवाहिकेतून, एका बकरीच्या शेजारी बसून. बकरी ड्रायव्हर वाल्देनोरची. आत रुग्ण कोण म्हणून विचारलं तर म्हणाला, आज तुम्हीच, डॉक्टरसाहेब. मी पोट धरून हसलो. मित्रांनी पैज लावलीय की ईशान्य ब्राझीलमधल्या बाहियाच्या या माळावर मी महिनाभरही टिकणार नाही. मी वर्षभराचा करार करून आलोय. खुर्ची नवी आहे, दिवा चांगला आहे, चिमटे माझे स्वतःचे आहेत. मदतनीस ज्युसिलेदी, पस्तिशीची, बोलकी. दुपारपासून तिने तीनदा कॉफी दिली, तिन्ही वेळा पाकासारखी गोड. साखरेवर पोसलेलं गाव आहे. दातांच्या डॉक्टरला कामाची ददात नाही.

६ मार्च

या लोकांना आजार चालतो, आजाराचं नाव चालत नाही. दाढ काढण्याआधी मी विचारतो, रक्तदाब? नाही. साखर? नाही. हृदय? देवाची कृपा. आणि मांडीवरच्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं चुरचुरत असतात.

दोना झुल्मीरा त्यातलीच. साखर नाही म्हणून शपथ घेतली, तोंडाला मात्र कुजक्या फळाचा वास. खालची उजवी दाढ इतकी हलत होती की काढावीच लागली. मधुमेह्याची जखम कशी भरत नाही ते समजावताना मी माझ्याच गालावर बोट ठेवलं. इथे खड्डा राहील, इथे पू धरेल. तर बाई किंचाळलीच! ज्युसिलेदीने झडप घालून माझं बोट गालावरून ओढलं. दुसऱ्याचं दुखणं आपल्या अंगावर दाखवू नये म्हणे. चुकून दाखवलंच तर लगेच म्हणायचं, "त्याचं त्याच्यापाशी!" इथलं शेंबडं पोरही हे म्हणतं. मी विद्यापीठात इतकी वर्षं घासली ती असले मंत्र पुटपुटायला नव्हे, असं मी दोघींना सुनावलं. आणि मुद्दाम तिथेच पुन्हा बोट ठेवलं, चांगलं दाबून.

११ मार्च

म्हातारा जिल्दासियो. छातीत धातूची झडप बसवलेली, रक्त पातळ करायची गोळी रोज चालू, आणि हे सांगायचं कधी? दाढ चिमट्यात आल्यावर. रक्त थांबेना. टाके घातले, कापूस दाबला, दुपार त्यात गेली. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात तसं मी त्याला खडसावलं. आ करून माझीच वरची डावी हिरडी दाखवली, इथून झिरपत राहणार बघा, असं म्हणालो. ज्युसिलेदी मागे उभी राहून माझ्या वतीने "त्याचं त्याच्यापाशी" म्हणत होती. मी तिला गप्प केलं.

दोना झुल्मीरा तपासायला आली होती. खड्डा भरलाय, गुलाबी, गुळगुळीत. पाच दिवसांत! माझ्या हाताला यश आहे हेच खरं. बाईने माझ्या हाताचा मुका घेतला आणि जाताना माझ्या गालाकडे निरखून पाहिलं.

१३ मार्च

सकाळी उशीवर रक्त. वरची डावी हिरडी झिरपतेय. ब्रश राठ असणार. उजव्या गालातही ठणका आहे. जिल्दासियो सायकलवरून शीळ घालत गेला. कालपासून त्याचा एक थेंबही सांडलेला नाही, असं त्याची सून सगळ्या बाजाराला सांगत होती.

१८ मार्च

रांग चौकापर्यंत गेलीय. अखेर या अडाण्यांना विज्ञानाची किंमत कळली. गंमत म्हणजे निम्म्यांच्या तोंडात दातच नाहीत. येतात, भोपळा आणतात, बकरीचा पाय आणतात आणि नम्रपणे म्हणतात, काढायचं काही नाही डॉक्टरसाहेब, फक्त समजावून सांगा. वहिनीच्या मूत्रपिंडात खडा आहे, तो नेमका कुठे? आजोबांच्या गुडघ्याचं हाड कुठून झिजतं? मी समजावतो. शिकवायची मला हौसच आहे. ज्युसिलेदी दाराआड बोलावून कुजबुजली, तुमच्या पाया पडते, हात खिशात ठेवा. मी म्हणालो, तू तुझा कापूस ठेव जागेवर.

२२ मार्च

माझी उजवी दाढ आज जेवताना बेइजूच्या घासाबरोबर निघून आली. बेइजू म्हणजे कसाव्याची मऊ भाकरी, तिने दुधाचा दातही हलत नाही. खड्डा मोठा आहे, वास येतोय. केंद्रातल्या यंत्रावर साखर पाहिली. आकडा बघून यंत्र बिघडलंय असं जाहीर केलं. ज्युसिलेदीने त्यावर स्वतःची तपासली. यंत्र ठीक आहे.

पाठीत डावीकडे कळ येते. मी वहिनीचा खडा दाखवला होता, बरोब्बर तिथे. गुडघा वाकत नाही.

योगायोग. नाहीतर इथलं पाणी. मी शिकलेला माणूस आहे.

२४ मार्च

हात खिशात. तोंडी सांगितलं सगळं. ते थांबून राहिले, हसत. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, आणि ज्यांना दात नाहीत त्यांचं हसणं तर बघवत नाही.

मग एक बाई म्हणाली, डॉक्टरसाहेब, शर्टाला काय लागलंय तुमच्या, इथे, डावीकडे? माझा हात गेला छातीवर. पोहोचेपर्यंत कळलं, पण गेला. बाईने देव तुमचं भलं करो म्हटलं आणि धावत बाहेर गेली. बाहेर गाडीत तिचा नवरा होता. निळ्या ओठांचा, धापा टाकणारा. तो उतरला. चालत घरी गेला.

शर्टाला काहीच लागलं नव्हतं.

२५ मार्च

वाल्देनोरला म्हणालो, मला शहरात पोहोचव, आत्ता. तर रुग्णवाहिकेचं चाक मोडलंय म्हणे. चाक भिंतीला टेकवून ठेवलेलं, धडधाकट. त्यानेच काढलेलं. वर विचारतो कसा, पित्ताशय कुठे असतं हो?

या लोकांना मी बावळट समजत होतो. बावळट कोण ते—

२७ मार्च

दोन पायऱ्या चढलो की श्वास संपतो. ओठ— आरशात पाहिलं नाही.

एकटी ज्युसिलेदी माणुसकीची. तिने सगळ्यांना हाकललं, दाराला कडी घातली. चमच्याने सूप भरवते. दर घासाला म्हणते, त्यांचं त्यांच्यापाशी. आज मीही म्हणालो. मोठ्याने. लाज वाटली, पण म्हणालो. उशीर झालाय बहुतेक.

उद्या तिचा भाऊ मोटारसायकल आणतोय म्हणाली.

२८ मार्च, दुपार

मोटारसायकल आली. वाजली. पण तिच्यावरून उतरवली ती म्हातारी. ज्युसिलेदीची आई. शेजारच्या खोलीत निजवलीय. गळ्याला गाठ, लिंबाएवढी. कर्करोग. इथे ते नाव घेत नाहीत, "तो आजार" म्हणतात. राजधानीतल्या डॉक्टरांनी जानेवारीतच हात टेकले.

आधी का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, तुम्ही हसला असता. खरं आहे. हसलो असतो.

समोर बसलीय. लिहू दे म्हणालो, लिहा म्हणाली.

तिला विचारलं— मग मला जपलंस का? सगळ्यांपासून? रडत म्हणाली, सगळ्यांनी ओरबाडून नेलं असतं, डॉक्टरसाहेब. माझ्या आईपुरते तरी तुम्ही शिल्लक राहायला हवे होतात.

गाठ नेमकी कुठे, विचारतेय. किती प्रेमाने विचारतेय. मी सांगणार नाही. डावा हात मांडीखाली दाबून बसलोय. जोर नाही राहिला—

ओढून काढला तिने. भाऊ खांदे धरून आहे. उजव्याने लिहा हवं तेवढं, म्हणतेय, मला फक्त हा द्या.

माझं बोट सरळ करतेय. हनुवटीच्या खाली— आणखी खाली— ओरडायचं म्हटलं तर आवाज आधीच—