भीमेकाठची शेवंती

बारामती,
२९ नोव्हेंबर १९५६

प्रिय लेकीस,

अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर पाहून तुला नवल वाटेल. तू सोलापूरला नर्सचं शिकायला गेल्यापासून घरची पत्रं सोपानच लिहितो आणि मी शेवटी 'आबांचे आशीर्वाद' एवढं घालायला सांगतो. आज स्टुडिओचं दार लोटून घेतलं आहे आणि स्वतः लिहायला बसलो आहे. घरी सगळं ठीक आहे. थंडी पडल्यापासून तुझ्या आईचे गुडघे पुन्हा दुखू लागलेत, पण ती कुणाचं ऐकून बसणारी नाही हे तुला ठाऊकच आहे.

यंदा मला एक निराळं काम मिळालं. पौषात इथं शेतकी प्रदर्शन भरायचं आहे. त्याचे चिटणीस बापूसाहेब भाद्रपदात स्टुडिओत आले आणि म्हणाले, पाऊस सरताना आपला मुलूख कसा असतो आणि थंडीपर्यंत कसा पालटतो ते फोटोंतून दाखवा. कालव्यावरचं बागाईत घ्या, इंदापूरकडचं जिराईतही घ्या. एकाच जागेचे तीन फोटो: भाद्रपदात एक, दसऱ्याला एक, कार्तिकात एक. वर अट घातली की फोटोत माणूस नको. माणूस आला की लोक त्याचं तोंडच बघत बसतात, पिकाकडं कुणी बघत नाही. मला बरंच वाटलं. तीस वर्षं लोकांना स्टुलावर बसवून 'हलू नका' म्हणत आलो. म्हटलं, चला, आता झाडांना तरी सांगावं लागणार नाही.

पण झाडंच जास्त हलतात, पोरी! पणदऱ्याच्या उसात अर्धा दिवस उभा होतो. वारा पडतच नव्हता. भाद्रपदात सगळा मुलूख ओला, हिरवा, आणि आभाळात सारखी ढगांची ये-जा. कॅमेऱ्यावर काळं कापड घेऊन आत डोकं घालावं तोवर ऊन जायचं. दसऱ्याला गेलो तर तेच रान कोरडं खणखणीत झालेलं. पाणी आटलेल्या ओढ्यांच्या कडेला गवत पिवळं पडलेलं, आणि इंदापूरच्या काळ्या रानात जोंधळा नुकता वर आलेला. कार्तिकात तो मांडीला लागला, उसाला तुरे आले, आणि ऊन इतकं स्वच्छ की दूरच्या बाभळीची पानंसुद्धा फोटोच्या काचेवर वेगवेगळी उतरली. एवढी वर्षं इथं राहून मी हे कधी नीट पाहिलंच नव्हतं. नीट न पाहिलेलं आणखीही पुष्कळ आहे.

इंदापूरच्या पुढं भीमेच्या काठाला फुलाबाई म्हणून एका बाईची फुलांची बाग आहे. वय साठीच्या आसपास, नवरा कधीच गेलेला. दीर विहिरीवर मोट हाकतो आणि ही फुलं सांभाळते. दसऱ्याला झेंडू, मग शेवंती. पहिल्या खेपेला ती माझ्याशी फारसं बोलली नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गेलो तेव्हा मात्र झेंडूच्या ढिगापाशी बसून तिनं मला भाकरी-पिठलं खाऊ घातलं आणि सहज विचारलं, "लेकरं किती म्हनायची, फोटुवालं?" मी म्हणालो, "तीन लेकी आणि एक मुलगा. लेकींची लग्नं झाली."

तीन म्हणालो. घास तोंडात होता आणि तीन म्हणालो. चार म्हटलं असतं तर चौथी कुठं असते, लग्न का नाही, नाव काय, हे सगळं आलं असतं. नाव सांगणं मला जड गेलं. हे मी तुला लिहितो आहे, कारण आता लपवण्यात अर्थ नाही.

कार्तिकात, पौर्णिमा होऊन चार दिवस झाले असतील, शेवटच्या फोटोसाठी गेलो. बागेत शेवंती अशी फुलली होती की वाफ्यांमधली माती दिसत नव्हती. मी कॅमेरा तिपाईवर चढवत होतो, तेवढ्यात फुलाबाई जवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "ह्यो कडंचा वाफा बी घ्या. ह्यातली फुलं मी बाजाराला धाडत न्हाय." मी विचारलं, का? तेव्हा तिनं सांगितलं की तो तिच्या धाकट्या लेकीचा वाफा. सात वर्षांची असताना तिनंच तिथं शेवंतीची रोपं लावली होती, आणि त्याच वर्षी तापानं गेली. त्याला आता तेवीस वर्षं झाली. मी तोंडदेखलं विचारलं, नाव काय होतं तिचं?

बाईनं वाफ्यातलं एक वाळकं पान खुडलं. मग म्हणाली, "तितंच तर घोडं अडतंय बगा. पाचवी पोर झाली म्हनून मी तिचं नाव नकोशी ठिवलं. जित्ती हुती तवर ह्या बांधावरनं त्या बांधाला त्याच नावानं हाका मारल्या. आता कार्तिकात फुलं आली की वाटतं, येकदा हाक मारावी. पर काय म्हनून मारू? मेलेल्या लेकराला नकोशी म्हनून कशी हाक मारू, सांगा की." 

मी हातातली काच पेटीत ठेवली. बांधावर बसलो. म्हणालो, "बाई, मी तुमच्याशी खोटं बोललो. मला लेकी चार. चौथीचं नाव हेच आहे."

मला वाटलं, ती बोल लावेल. ती माझ्या जवळ आली, तिनं वाकून माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि एवढंच विचारलं, "पर जित्ती हाय न्हवं ती?"

म्हणालो, आहे. सोलापूरला असते.

"मग हितं काय करताय?" असं म्हणून ती फुलं तोडायला निघून गेली.

घरी येऊन काचा धुतल्या, कागदावर फोटो काढले, आणि मग जुन्या पेट्या उघडल्या. तुझ्या बहिणींचे लग्नाचे फोटो आहेत. सोपानचा दर दिवाळीचा एक आहे. गावातल्या परक्या पोरांचे शेकड्यांनी आहेत. तुझा एकटीचा एकही नाही. तू स्टुडिओत रोज होतीस. दुसऱ्याच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून पांढरा पंचा ताणून बाजूला उभी राहायचीस, हात भरून आले तरी बोलायची नाहीस. तुला समोर बसवावं असं मला एकदाही सुचलं नाही. सुचलं नाही असं लिहितो, तेही पुरतं खरं नाही. काचेवर नाव लिहून ठेवायची माझी सवय तुला ठाऊक आहे; तुझ्या काचेवर तेच नाव लिहावं लागलं असतं.

आणखी एक. तू लहानपणी विचारायचीस, माझं नाव कुणी ठेवलं? मी सांगायचो, तुझ्या आजीनं. ती बिचारी गेली, तिला उत्तर देता येत नव्हतं. खरं असं झालं, की बारशाच्या दिवशी बायका नाव विचारायला आल्या आणि मी रागानं म्हणालो, नकोशी म्हणा. आजीनं माझा हात धरला होता. "पोरीला आसं नगं म्हनू, रामहरी," म्हणाली होती. मी तिचं ऐकलं नाही. तुझी आई आतल्या खोलीत रडत होती, तेही ऐकलं नाही. दोन वर्षांनी सोपान झाला आणि लोक म्हणाले, नावाचा गुण आला. मीही हसून मान हलवली. बावीस वर्षं तू ते नाव वागवलंस, शाळेच्या हजेरीत त्या नावाला 'हजर' म्हणालीस. मला एका शब्दानं बोलली नाहीस.

श्रावणात तुझं पत्र आलं होतं. मला वेगळं पाठवलेलं, सोपानला न कळू देता. तू लिहिलं होतंस की नर्सच्या सर्टिफिकेटवर जे नाव चढेल तेच जन्मभर राहणार, ते चढण्याआधी नाव बदलायचं आहे, त्याला वडिलांची सही लागते. तुमची इच्छा नसेल तर पुन्हा विचारणार नाही. ते पत्र मी घडी करून खिशात ठेवलं आणि चार महिने उत्तर दिलं नाही. सही केली की मी काय केलं ते माझ्याच हातानं कबूल केल्यासारखं होईल, म्हणून दिलं नाही. काल मामलेदार कचेरीत जाऊन कागद करून आणला. सोबत पाठवत आहे. खाली माझी सही आहे, शिक्का आहे. तुझी आई म्हणाली, नाव तुम्हीच लिहा, बापानं लिहावं. मी नाही म्हणालो. एकदा नाव ठेवायची पाळी माझ्यावर आली होती, तेव्हा मी काय केलं ते वर लिहिलंच आहे. कागदावर नावाची जागा कोरी सोडली आहे. तुला जे हवं ते तूच लिही, आणि मग मला एका ओळीनं कळव. पुढच्या पत्रात 'प्रिय' म्हटल्यावर काय लिहायचं, ते मला ठाऊक नाही.

तुझाच,
आबा