चीन, इंडोनेशिया आणि गौतमीची तारीख

शिरूर, गुरुवार

आदरणीय दादा,

धाकट्या शंकरचा सप्रेम जय भीम. केडगावात थंडी कशी हाय? तुमचा गुडघा? वहिनींची शुगर? आम्ही खुशाल, असं लिहायची पद्धत हाय म्हणून लिहितो. फोन केला की तुम्ही पहिल्याच वाक्याला रागावता, म्हणून कागद घेतला.

आपल्या गौतमीचं लग्न मोडलं, हे तुमच्या कानावर आलंच असंल. कारण आलं नसंल. कारण मासेमारी.

गेल्या रविवारी नागसेनचे वडील, दौंडचे महेंद्रराव, लग्नाची तारीख धरायला आले. तुमच्या भावजयीनं, ललितानं, सुकट केली व्हती (झकास झालेली, म्हंजी तिचा काही दोष न्हाई). ती खाताखाता महेंद्रराव म्हणाले, की मासेमारीच्या होड्या जगात चीनकडंच जास्त. मी नुसतं इंडोनेशिया म्हणालो. दोघांनीबी समुद्र पाहिलाय तो कॅलेंडरवर, पण माघार कोण घेणार? बिनइंजिनाच्या होड्या धरल्या तर इंडोनेशिया भारी पडंल, असा माझा अंदाज (कुठं वाचलं ते विचारू नका). महेंद्रराव रेल्वेतनं रिटायर झालेले. इंजिन न्हाई ती गाडी न्हाई, तशी ती होडीबी न्हाई, हे त्यांचं म्हणणं. आन् मी तीस वर्षं पशुगणनेत काढलेली. दुभती असो का भाकड, दावणीला हाय ना, मग म्हैस मोजायची. या नादात तारीख धरायची राहिली.

त्यांना सोडायला त्यांच्याच मोटारीतनं निघालो, आन् नदीवरच निकाल लावू म्हणून भीमेच्या काठी उतरलो. मासे धरायच्या होड्या चार, त्यातल्या तीन वल्ह्याच्या. पलीकडं इंजिनवाल्या पाच, पण त्या वाळू उपसणाऱ्या. महेंद्ररावांनी त्या पाची वहीत लिहिल्या (इंजिन दिसलं की हा माणूस विरघळतो). मी खोडल्या. दोन म्हातारे वही घेऊन होड्या मोजताहेत म्हटल्यावर वाळूवाल्यांनी आम्हाला तहसीलची माणसं समजून घेरलं. महेंद्ररावांनी खरं ते सांगितलं, की आमचा वाद चीनच्या होड्यांचा हाय. वाळूवाल्यांनी वही नदीत टाकली आन् चारी चाकांची हवा सोडली.

फाट्यापर्यंत तीन किलोमीटर पायी चाललो. तिथं महेंद्रराव एवढंच बोलले, की फळकुटाला होडी म्हणणाऱ्याच्या घरात मी पोरगं देत न्हाई. मीबी म्हणालो, नका देऊ. माणसानं तत्त्व सोडू नये, ही शिकवण तुमचीच.

तुमचा,
शंकर

ता. क. जरा दौंडला जाऊन या. चीन जास्त, म्हणावं. इंजिनाशिवाय होडी न्हाई हेबी कबूल, म्हणावं. मी धाडलंय असं मात्र सांगू नका. गौतमी चार दिवस माझ्याशी बोलत न्हाई. ताट वाढते आन् तोंड फिरवून जाते. ते ताट मी तसंच सरकवतो, दादा.

आणखी एक. पत्र पोस्टात टाकायला गौतमीकडं दिलं. तिनं माझ्यादेखत उघडून वाचलं आन् पहिल्यांदा बोलली. दौंडला कुणी जायची गरज न्हाई म्हणाली. तिनं आन् नागसेननं तारीख धरलीय, पुढच्या महिन्याची पाच, विहारात, दोन्ही बापांना वगळून. माझ्या जागी तुम्ही बसणार, असं तुम्ही परवाच कबूल केलंय म्हणं. दादा, महेंद्ररावांना मी स्वतः जाऊन घेऊन येतो. तेवढी जागा माझी मला सोडा.