दोन बोटं जाडीचा रोल

बाबा,

डब्यात रोल आहे. मी कामाले जाते त्या कॅफेत व्हिएतनामचं सँडविच बनवतात, त्याच्यावरून बनवला. ते लोक कडक पावात देतात, पण तुमचं तोंड आता दोन बोटांच्या वर उघडत नाही, म्हणून पातळ पोळीत गुंडाळला. गाजर-मुळा सिरक्यात भिजवतात, ते तुमाले झोंबलं असतं, म्हणून उकडून टाकला. मिरची नाही. पनीर कुस्करलं. आता त्यात व्हिएतनामचं काही उरलंच नाही, पण खाता तरी येईल.

काल पोहे अर्धे ठेवले अन् म्हणता भूक नाही. मले येडी समजता का? मी प्लेट आपटली ते चुकलंच माझं.

पिवळ्या शर्टाच्या खिशात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी सापडली. तिथंच ठेवली. मागच्या वेळेस फेकली तर तुम्ही अर्ध्या तासात पानठेल्यावरून दुसरा घोटून आणला. मी काय करू, तुम्हीच सांगा ना.

गालातला तुकडा काढून तपासाले दिला होता, त्याचा रिपोर्ट आणाले चालली. आईले अजून सांगितलं नाही. रिपोर्ट इंग्रजीत राहते, दहावी सोडलेल्या पोरीले काय समजते त्यातलं? पण डॉक्टरच्या तोंडाकडं पाहून समजून जाईल मले. अन् माझ्या तोंडाकडं पाहून तुमाले समजून जाईल, मले लपवता येत नाही.

म्हणून मी यायच्या आधीच खाऊन घ्या.

काजल