अव्वा म्हणणारे लोक

सर, तुमच्या स्वयंपाकघरातला तो रविवार आज सकाळपासून आठवतोय. सांगायला तुम्ही नाही, म्हणून लिहिते.

आदल्या दिवशी वर्गात तुम्ही आंतरराष्ट्रीय कायद्यातला ऑलंड बेटांचा वाद शिकवलात. तिथली माणसं स्वीडिश बोलणारी, त्यांना स्वीडनमध्ये जायचं होतं. जगातल्या देशांच्या पंचायतीनं बेटं फिनलंडकडेच ठेवली आणि बदल्यात भाषा, शाळा, जमीन राखायला स्वायत्तता दिली. मी तडक उभी राहिले. निपाणीपलीकडच्या मराठी गावातून कोल्हापुरात कायदा शिकायला आलेली मुलगी मी. गाव महाराष्ट्रात यावं म्हणून वडील तुरुंगात जाऊन आलेले. "ही तर फसवणूक झाली!" मी म्हणाले. तुम्ही सगळ्यांदेखत झापलंत, "रागावून वकिली व्हत न्हाय. खाली बस." आणि तास सुटल्यावर, "उद्या जेवाय ये."

तुमच्या पत्नी, आमच्या बाई, वारल्यापासून स्वयंपाक तुम्हीच करायचात. कांदा चिरता चिरता विचारताय, "तुमची माणसं येगळी कशानं गं?" भाषेनं, मी ठासून सांगते. बोलण्याच्या भरात तव्यावरची भाकरी उलटायला जाते, बोटं भाजतात आणि तोंडून निघतं, "अव्वा गं!" तुम्ही खो खो हसता. "आईला हाक कानडी, आन् भांडान मराठीचं! आगं, दोन्ही खरं हाय की. ही दोन्ही जिथं चालतंय, तिथलीच तू. शिकून गावाकडं जा. सीमा हलू दे न्हायतर न हलू दे, तिथली शाळा टिकवाय माणूस पायजे." मला इतका राग आला की अर्धी भाकरी ताटात टाकून उठले.

मी गेले नाही. इथंच वकिली, इथंच संसार. गाव पलीकडेच राहिलं, आणि पोरं मिळेनात म्हणून आमची मराठी शाळा बंद पडली. इथं दुकानाच्या पाटीपासून कोर्टाच्या कागदापर्यंत सगळं मराठी; कुणाशी भांडावं लागत नाही. तरी मी फार एकटी आहे, सर. सीमाभाग म्हटलं की इथली माणसं हळहळतात आणि चहा मागवतात.

गावाकडं माझी अव्वा गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून ती हाक माझ्या तोंडी आलेली नाही. माझी मुलगी मला आई म्हणते, गोड म्हणते. तिनं एकदा तरी अव्वा म्हणावं असं वाटतं. तिला हे अजून सांगितलेलं नाही.